आपली लिंक, आपली किल्ली: स्वतःच्या लिंक शॉर्टनरसाठी ब्राउझर एक्स्टेंशन

मागच्या भीमजयंतीला आम्ही वस्तीत एक पत्रक वाटले. स्वाधार योजना, भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, जात प्रमाणपत्र आणि वैधता प्रमाणपत्र यांची माहिती एका पानावर, आणि खाली एक क्यूआर कोड. कोड स्कॅन केला की लागणाऱ्या कागदपत्रांची पूर्ण यादी उघडत होती. कोड एका मोफत सेवेवरून काढला होता. दोन मिनिटांत तयार झाला, म्हणून आम्ही खूष होतो.

जूनमध्ये निकाल लागले, प्रवेश सुरू झाले. लोकांनी जपून ठेवलेली पत्रके बाहेर काढली. एक दिवस एक आई ते पत्रक घेऊन विहारात आली आणि म्हणाली, "दादा, तुमच्या कागदावरचा हा काळा चौकोन काही उघडत नाही." आम्ही स्कॅन करून पाहिले. पडद्यावर आले, मोफत मुदत संपली आहे, कोड पुन्हा चालू करण्यासाठी पैसे भरा. आमच्या कागदपत्रांची यादी जागच्या जागी होती. पत्रक त्या बाईंच्या हातात होते. पण दोघांना जोडणारी वाट दुसऱ्याच्या मालकीची होती आणि त्याने ती बंद केली होती. घरोघरी गेलेले पत्रक परत घेता येत नाही.

त्या दिवसापासून आम्ही काही मित्रांनी स्वतःचा लिंक शॉर्टनर उभा केला आणि तो सर्वांना सहज वापरता यावा म्हणून एक छोटे ब्राउझर एक्स्टेंशन बनवले. आमच्यापैकी कोणीही व्यावसायिक प्रोग्रामर नाही. एकाने बीसीए केले आहे, बाकीचे शिकत शिकत आले. काय केले, कुठे चुकलो आणि इतर मंडळांना, विहारांना, विद्यार्थी गटांना हे कसे करता येईल, ते येथे सांगत आहोत.

छोटी लिंक म्हणजे नेमके काय?

शॉर्टनर म्हणजे दोन रकान्यांची वही. डाव्या रकान्यात छोटे नाव, उजव्या रकान्यात मूळ लांबलचक पत्ता. कोणी छोटी लिंक उघडली की सर्व्हर वहीत पाहतो आणि ब्राउझरला सांगतो, "तुला हवे ते तिकडे आहे, तिकडे जा." याला रीडायरेक्ट म्हणतात. वही ज्याच्या हातात, लोकांना कुठे पाठवायचे हे ठरवणाराही तोच.

मराठीत काम करणाऱ्यांना छोट्या लिंकची गरज इंग्रजीवाल्यांपेक्षा जास्त आहे. मराठी शीर्षक असलेल्या लेखाची लिंक कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली की टक्क्यांची चिन्हे, आकडे आणि इंग्रजी अक्षरे यांची लांबच लांब रांग दिसते. याचे कारण साधे आहे. वेब पत्त्यात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे होते आणि प्रत्येक बाइट लिहायला तीन अक्षरे लागतात. म्हणजे एका चिन्हाची नऊ अक्षरे. 'धम्म' या शब्दात ध, म, हलन्त आणि पुन्हा म अशी चार चिन्हे आहेत. पत्त्यात त्यांची ३६ अक्षरे होतात. दहा शब्दांचे मराठी शीर्षक असेल तर लिंक पाहूनच माणूस घाबरतो. आपल्या भाषेतली लिंक संशयास्पद दिसावी आणि फसवणुकीची लिंक मात्र नीटनेटकी दिसावी, असे होऊन बसते.

छापील कामात तर फरक आणखी मोठा आहे. पत्ता जितका लांब, तितके क्यूआर कोडमधील ठिपके बारीक आणि दाट. झेरॉक्सच्या झेरॉक्सवर असा कोड स्कॅन होत नाही. छोट्या पत्त्याचा कोड ठसठशीत असतो, स्वस्त कागदावरही चालतो. शिवाय ज्याला स्कॅन करता येत नाही त्याला पाच-सहा अक्षरे हाताने टाइप करता येतात.

परक्या सेवेवर का विसंबू नये?

आमच्या पत्रकाचे जे झाले ते मोठ्या प्रमाणावरही होते. गूगलने २००९ मध्ये गू डॉट जीएल ही शॉर्टनर सेवा आणली. जगभर लोकांनी तिच्या लिंक वापरल्या, पुस्तकांत छापल्या. ३० मार्च २०१९ पासून तिथे नवी लिंक बनवणे बंद झाले. २०२४ मध्ये कंपनीने जाहीर केले की २५ ऑगस्ट २०२५ नंतर जुन्या लिंकही चालणार नाहीत. लोकांनी तक्रारी केल्यावर ऑगस्ट २०२५ च्या सुरुवातीला निर्णय थोडा बदलला. ज्या लिंक वापरात आहेत त्या चालू राहतील, ज्यांवर हालचाल नव्हती त्या बंद होतील, असे सांगण्यात आले. गूगलसारखी कंपनी असे करू शकते, तर लहान मोफत सेवांची काय शाश्वती?

दुसरे उदाहरण नावाच्या शेपटीचे आहे. अनेक शॉर्टनरच्या नावाच्या शेवटी 'एलवाय' ही अक्षरे असतात. ही लिबिया देशाची खूण आहे. २०१० मध्ये लिबियातील नोंदणी संस्थेने व्हीबी डॉट एलवाय हे शॉर्टनरचे डोमेन स्थानिक नियमांचे कारण देऊन काढून घेतले. नाव गेले की त्याखालच्या सगळ्या लिंक एकदम गेल्या.

तिसरा मुद्दा विश्वासाचा आहे. मोफत लॅपटॉप, शिष्यवृत्तीची शेवटची संधी, बार्टीची भरती अशा नावाने फसव्या लिंक आपल्या ग्रुपवर रोज फिरतात. सार्वजनिक शॉर्टनरची लिंक पाहून ती कार्यकर्त्याने पाठवली की भामट्याने, हे कळत नाही. स्वतःचे डोमेन असले की लोक नाव ओळखतात. "या नावाने सुरू होणारी लिंक आपल्या मंडळाची" एवढे वस्तीत माहीत झाले तरी पुष्कळ मुले फसण्यापासून वाचतात.

बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' सुरू केले, नंतर 'बहिष्कृत भारत', 'जनता' आणि 'प्रबुद्ध भारत' चालवले. दुसऱ्याच्या पत्रात जागा मागून आपले म्हणणे पोहोचत नाही, हे त्यांनी ओळखले होते. आज आपले लेखन, व्हिडिओ, अर्जाची माहिती सगळे इंटरनेटवर आहे आणि तिथे पोहोचण्याची वाट मात्र उसनी आहे. शॉर्टनर ही त्यातली अगदी छोटी वाट आहे. निदान तिथून तरी सुरुवात करू.

स्वतःचा शॉर्टनर उभा करताना

त्यासाठी नवे सॉफ्टवेअर लिहावे लागत नाही. मोफत आणि मुक्त स्रोत असलेली तयार सॉफ्टवेअर आहेत. आम्ही 'युअर्ल्स' निवडले. 'तुमचा स्वतःचा यूआरएल शॉर्टनर' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांचे ते लघुरूप आहे. पीएचपी आणि मायएसक्यूएल असलेल्या साध्या शेअर्ड होस्टिंगवर ते चालते. पुष्कळ संस्थांकडे वेबसाइटसाठी असे होस्टिंग आधीच असते. 'श्लिंक' हा दुसरा चांगला पर्याय आहे, पण त्याला थोडी जास्त तांत्रिक तयारी लागते.

तीन निर्णय सुरुवातीलाच घ्यावेत.

पहिला, डोमेन. नाव छोटे असावे, उच्चारायला सोपे असावे आणि फोनवर सांगता यावे.

दुसरा, लिंकची अक्षरे. युअर्ल्स मुळात लहान इंग्रजी अक्षरे आणि आकडे अशी ३६ चिन्हे वापरते. चार चिन्हांची १६,७९,६१६ नावे होतात. कोणत्याही मंडळाला हे आयुष्यभर पुरेल. मोठी अक्षरे चालू करू नयेत, कारण कागदावरून टाइप करणारा माणूस लहान-मोठ्यात गोंधळतो. शून्य आणि 'ओ', एक आणि 'एल' यांतही गोंधळ होतो, म्हणून पत्रकासाठी आम्ही 'स्वाधार', 'दाखला' असे शब्दच रोमन लिपीत देतो.

तिसरा, रीडायरेक्टचा प्रकार. ३०१ म्हणजे "कायमचे तिकडे" आणि ३०२ म्हणजे "सध्या तिकडे". युअर्ल्स मुळात ३०१ पाठवते. ते उत्तर ब्राउझर लक्षात ठेवू शकतो आणि नंतर आपण वहीत पत्ता बदलला तरी जुन्याच जागी जातो. शिष्यवृत्तीचे पान दरवर्षी बदलते, म्हणून अशा लिंकसाठी ३०२ बरे. एका छोट्या प्लगइनने ते करता येते.

सर्व्हर झाला, पण वापरणार कोण?

शॉर्टनर चालू झाल्यावर आम्हाला वाटले काम संपले. महिन्याभरात वहीत मोजून अकरा लिंक होत्या आणि त्यातल्या नऊ आमच्याच. बाकीचे कार्यकर्ते जुन्याच मोफत सेवा वापरत होते. विचारले तर सगळ्यांचे उत्तर एकच. "कोण तो पत्ता लक्षात ठेवणार, लॉगिन करणार, लिंक पेस्ट करणार?"

यात कोणाचा आळस नव्हता. दिवसभर नोकरी करून रात्री बैठकीची लिंक पाठवणाऱ्या माणसाकडे वेळ नसतो. संस्था आपली आहे एवढ्यावर लोक ती वापरत नाहीत. ती परक्या संस्थेपेक्षा अवघड असेल तर वापरत नाहीतच. सहकारी पतपेढी असो, वाचनालय असो की शॉर्टनर, हा नियम सारखाच लागू होतो. म्हणून एक्स्टेंशन बनवायचे ठरले. आपण ज्या पानावर आहोत तिथेच एक बटण दाबायचे, छोटी लिंक तयार, कॉपीही झालेली.

युअर्ल्ससाठी इतरांनी बनवलेली एक्स्टेंशन आहेत. ती वापरूनही काम चालते. आम्हाला सूचना मराठीत हव्या होत्या, अनावश्यक परवानग्या नको होत्या आणि लिंक स्वच्छ करण्याची सोय हवी होती, म्हणून आम्ही स्वतःचे केले.

एक्स्टेंशनचे भाग

एक्स्टेंशन म्हणजे एक छोटे वेब पानच. ज्याला एचटीएमएल आणि थोडी जावास्क्रिप्ट येते त्याला ते जमते. आमच्यात चारच फायली आणि एक आयकॉन आहे.

पहिली मॅनिफेस्ट फाईल. हे एक्स्टेंशनचे ओळखपत्र. नाव, आवृत्ती, आयकॉन आणि कोणकोणत्या परवानग्या हव्यात हे त्यात लिहिलेले असते. आता मॅनिफेस्टची तिसरी आवृत्ती चालते. जुन्या शिकवण्यांत दुसरी आवृत्ती असते, ती नवीन क्रोममध्ये चालत नाही. शिकताना हे आधी तपासा, आमचे दोन रविवार यातच गेले.

दुसरी पॉपअपची फाईल. आयकॉनवर क्लिक केल्यावर उघडणारी छोटी चौकट. तिच्यात पानाचा पत्ता, हवे ते छोटे नाव लिहायची जागा आणि 'लिंक छोटी करा' हे बटण.

तिसरी पॉपअपमागचा कोड. चौथी सेटिंगचे पान, जिथे प्रत्येक कार्यकर्ता आपल्या शॉर्टनरचा पत्ता आणि आपली किल्ली एकदाच भरून ठेवतो.

बटण दाबल्यावर काय घडते?

कोड आधी चालू टॅबचा पत्ता घेतो. मग तो स्वच्छ करतो. फेसबुक किंवा इन्स्टाग्रामवरून आलेल्या पत्त्याच्या शेवटी माग ठेवणाऱ्या लांब खुणा चिकटलेल्या असतात. एफबीक्लिड, यूटीएम अशी त्यांची नावे. त्या काढल्या तरी पान तेच उघडते. ब्राउझरमध्येच पत्त्याचे तुकडे करण्याची सोय असते, तिच्या मदतीने आम्ही ठरावीक खुणा काढतो. मात्र प्रश्नचिन्हानंतरचे सगळे सरसकट कापू नका. यूट्यूबच्या पत्त्यात व्हिडिओची ओळख प्रश्नचिन्हानंतरच असते, आणि अनेक सरकारी पानांचेही तसेच आहे.

स्वच्छ पत्ता आणि किल्ली मग शॉर्टनरच्या एपीआयकडे जाते. एपीआय म्हणजे सर्व्हरची खिडकी. माणसाने लॉगिन न करता प्रोग्रामने अर्ज द्यायचा आणि उत्तर घ्यायचे. युअर्ल्समध्ये ही खिडकी मुळातच असते. उत्तरात छोटी लिंक येते, पॉपअप ती दाखवतो आणि कॉपी करतो.

इथे आम्ही दोन ठिकाणी अडखळलो. पहिली गोष्ट अँड या चिन्हाची. बाबासाहेबांवरील व्याख्यानांची एक यूट्यूब प्लेलिस्ट आम्ही छोटी केली. लिंक उघडली तर एकच व्हिडिओ दिसे, यादी गायब. पत्ता सर्व्हरला पाठवताना आम्ही तो तसाच चिकटवला होता. पत्त्यात मधे अँड चिन्ह आले की सर्व्हरला वाटते, पत्ता संपला आणि दुसरी सूचना सुरू झाली. म्हणून पत्ता पाठवण्याआधी त्याचे एन्कोडिंग करावेच लागते. ब्राउझरची यूआरएल सर्च पॅराम्स ही सोय वापरून पोस्ट पद्धतीने पाठवले की हा त्रास राहत नाही.

दुसरी गोष्ट, एकच पत्ता दोघांनी छोटा केला तर? युअर्ल्स मुळात एका पत्त्याला एकच छोटे नाव देते. दुसऱ्या वेळी उत्तरावर 'अपयश' असा शेरा येतो. आमचे एक्स्टेंशन लाल अक्षरांत 'चूक झाली' दाखवायचे आणि कार्यकर्ते वैतागायचे. नीट पाहिले तर त्याच उत्तरात आधीची छोटी लिंकही होती. आता एक्स्टेंशन म्हणते, "ही लिंक आधीच आहे, घ्या." संदेश बदलला आणि तक्रारी थांबल्या.

आमची सर्वात मोठी चूक

पहिल्या आवृत्तीत आम्ही किल्ली कोडमध्येच लिहून ठेवली होती. कार्यकर्त्यांना काही भरावे लागू नये हा हेतू. मग ती झिप फाईल व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली. ग्रुपवरून ती कुठे कुठे गेली, आम्हाला माहीत नाही. एक्स्टेंशनमधला कोड कोणालाही उघडून वाचता येतो, हे तेव्हा आमच्या ध्यानात आले नाही.

तीन आठवड्यांनी एका मित्राचा फोन आला. "तुमच्या मंडळाच्या नावाची लिंक उघडली, तर झटपट कर्जाची जाहिरात आली." वही पाहिली तर शेकडो अनोळखी लिंक. ज्या नावावर लोकांनी विश्वास ठेवावा म्हणून आम्ही डोमेन घेतले, तेच नाव लोकांना कर्जाच्या सापळ्याकडे नेत होते. कोणाचे नुकसान झाले का, हे शोधून काढण्याचा मार्ग आमच्याकडे नव्हता. आम्ही सर्व्हर दोन दिवस बंद ठेवला, किल्ली बदलली, लिंक खोडल्या आणि ग्रुपवर जाहीर माफी मागितली.

त्यातून ठरलेले नियम असे. कोडमध्ये किल्ली कधीही लिहायची नाही. प्रत्येक कार्यकर्त्याचे वेगळे नाव आणि वेगळी किल्ली, ती त्याने स्वतःच्या सेटिंगमध्ये भरायची. युअर्ल्समध्ये प्रत्येक वापरकर्त्याला पासवर्डशिवाय एक सांकेतिक किल्ली मिळते. तिने एपीआयमार्फत लिंक बनवता येते, व्यवस्थापनाच्या पानात शिरता येत नाही. म्हणून पासवर्ड नको, ही किल्लीच वापरावी. कोणी काम सोडले किंवा लॅपटॉप हरवला की यादीतून त्याचे नाव काढायचे, त्याची किल्ली बंद होते, बाकीच्यांचे काम चालू राहते. आणखी एक पथ्य. ब्राउझर ही किल्ली कुलूप लावून ठेवत नाही, म्हणून सायबर कॅफेत किंवा कॉलेजच्या संगणकावर एक्स्टेंशन बसवू नये.

परवानग्या आणि खासगीपणा

एक्स्टेंशन बसवताना ब्राउझर परवानगी विचारतो. "सर्व संकेतस्थळांवरील तुमची माहिती वाचणे आणि बदलणे" असे वाक्य दिसले तर थांबा. एवढा अधिकार शॉर्टनरला लागत नाही. आम्ही तीनच गोष्टी मागतो. बटण दाबले तेवढ्यापुरता चालू टॅब पाहणे, सेटिंग साठवणे आणि फक्त आपल्या शॉर्टनरच्या डोमेनशी बोलणे. बटण दाबेपर्यंत आमच्या एक्स्टेंशनला तुमचे पान दिसत नाही. कार्यकर्ता कोणती पाने वाचतो याची नोंद त्याच्या मित्रांकडेही असू नये.

लिंक उघडणाऱ्यांचेही तेच. युअर्ल्स प्रत्येक क्लिकची वेळ, आयपी पत्ता आणि माणूस कोणत्या पानावरून आला याची नोंद ठेवते. अत्याचाराच्या प्रकरणात मदत मागणारी व्यक्ती, वसतिगृहातील तक्रार वाचणारी मुलगी, अशांचे आयपी पत्ते आपल्याकडे जमा का असावेत? किती जणांनी लिंक उघडली एवढा आकडा आम्हाला पुरतो, तो वहीत वेगळा राहतो. बारीक नोंदी आम्ही दर महिन्याला पुसतो.

आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. छोटी लिंक म्हणजे कुलूप नव्हे. २०१६ मध्ये दोन संशोधकांनी दाखवून दिले की छोट्या लिंकची नावे एकामागून एक तपासत गेले तर लोकांच्या खासगी फायली सापडतात. म्हणून विद्यार्थ्यांच्या कागदपत्रांचे फोल्डर, पीडित कुटुंबाची माहिती किंवा संपादनाची परवानगी असलेली फाईल कधीही छोटी करून पाठवू नये.

लिंक कुठे नेते हे आधी पाहण्याची सोयही आम्ही खुली ठेवली आहे. युअर्ल्समध्ये छोट्या लिंकच्या शेवटी अधिकचे चिन्ह लावले की तिथे न जाता मूळ पत्ता दिसतो. आम्ही ही गोष्ट प्रत्येक पत्रकावर छापतो. भगवान बुद्धांनी कालामांना ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, स्वतः पारखा असे सांगितले. मग आमच्या लिंकवरही लोकांनी डोळे झाकून विश्वास का ठेवावा?

लोकांपर्यंत पोहोचवणे

चाचणीसाठी क्रोममध्ये एक्स्टेंशनच्या पानावर डेव्हलपर मोड चालू करून फोल्डर थेट लोड करता येते. पाच-दहा जणांसाठी हे पुरते, पण नवी आवृत्ती आपोआप येत नाही. क्रोमच्या दुकानात ठेवायचे असेल तर नोंदणीसाठी एकदाच ५ डॉलर भरावे लागतात. तिथे शोधात न दिसणारे, फक्त लिंक असलेल्यांनाच मिळणारे एक्स्टेंशनही ठेवता येते. फायरफॉक्समध्ये नोंदणी मोफत आहे, मात्र मोझिलाची सही घ्यावी लागते.

खरी अडचण मोबाइलची आहे. आपले बहुसंख्य कार्यकर्ते मोबाइलवरच काम करतात आणि अँड्रॉइडवरील क्रोममध्ये एक्स्टेंशन चालत नाही. अँड्रॉइडवरील फायरफॉक्समध्ये चालते. ज्यांना ब्राउझर बदलायचा नाही त्यांच्यासाठी आम्ही त्याच एपीआयवर चालणारे एक साधे पान केले. लिंक पेस्ट करा, बटण दाबा. बटण दोन्हीकडे एकच, शब्द तेच, त्यामुळे शिकवावे लागत नाही.

किल्ली कोणाच्या खिशात?

तांत्रिक बाजू इथे संपते. यापुढचा प्रश्न आपल्या सगळ्या संस्थांचा आहे. मंडळात फूट पडली की शिक्का कोणाकडे, पावतीपुस्तक कोणाकडे, यावरून किती वर्षे वाया जातात हे आपण पाहिले आहे. डोमेन हा नव्या काळातला शिक्काच आहे. तो एखाद्या उत्साही मुलाच्या वैयक्तिक ईमेलवर घेतला आणि पुढे तो नोकरीनिमित्त परगावी गेला, रुसला किंवा नूतनीकरण विसरला, तर सगळी पत्रके, सगळे क्यूआर कोड एका दिवसात मुके होतात. त्याहून वाईट म्हणजे सुटलेले डोमेन दुसराच कोणी विकत घेतो आणि आपल्या जुन्या लिंक त्याच्या जाहिरातींकडे जाऊ लागतात. मग परक्या कंपनीत आणि आपल्यात फरक काय राहिला?

आम्ही चार गोष्टी ठरवल्या आहेत. डोमेन नोंदणीकृत संस्थेच्या नावावर आणि संस्थेच्या ईमेलवर. नूतनीकरण एका वेळी अनेक वर्षांचे, आणि त्याची तारीख कार्यकारिणीच्या इतिवृत्तात. व्यवस्थापनाचा पासवर्ड किमान दोघांकडे, त्यातली एक महिला कार्यकर्ती, कारण 'तांत्रिक काम मुलांचे' ही सवय आपल्यातही आहे. आणि दर महिन्याला वहीची प्रत. छोटे नाव आणि मूळ पत्ता एवढी साधी यादी हातात असली तर सर्व्हर जळाला तरी दुसऱ्या दिवशी दुसरीकडे सगळ्या लिंक चालू करता येतात.

वही आपली असण्याचा सर्वात मोठा फायदा पुढे दिसतो. अमेरिकेतील प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०१३ मध्ये असलेल्या वेब पानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी उघडत नव्हती. आपल्या चळवळीच्या बातम्या, अत्याचारांचे अहवाल, भाषणे यांचेही असेच होत असणार. म्हणून एक्स्टेंशनमध्ये आम्ही दुसरे बटण दिले आहे. ते दाबले की पानाची प्रत इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये ठेवण्याची विनंती जाते. उद्या मूळ पान गेले तर वहीत उजव्या रकान्यातला पत्ता बदलायचा आणि त्या जतन केलेल्या प्रतीचा टाकायचा. पत्रकावरचा क्यूआर कोड तोच राहतो आणि पुन्हा जिवंत होतो.

यंदा आम्ही शिष्यवृत्तीचे पत्रक पुन्हा छापले. कोड आमच्या डोमेनचा आहे. योजनेच्या पानाचा पत्ता मधेच बदलला, तेव्हा आमच्यातल्या एका मुलीने रात्री दोन मिनिटांत वहीत दुरुस्ती केली. कागद घेऊन विहारात परत कोणाला यावे लागले नाही.

हे करायला लागणारा खर्च वर्गणीतून निघतो. कौशल्य आपल्या मुलामुलींकडे आहे. आपल्या भागात दोन-तीन जण जमले तर एक-दोन महिन्यांच्या रविवारांत हे उभे राहते. पहिल्या रविवारी डोमेन कोणाच्या नावावर घ्यायचे ते ठरवा. कोड त्यानंतर लिहा.

जय भीम! नमो बुद्धाय!